गंजीतली फटफटी

त्या फटफटीला किल्लीच नव्हती, आणि शिवमूर्तीच्या जिवाला घोर लागायला तेवढं कारण पुरेसं होतं. दिवा नव्हता, हॉर्न नव्हता, नंबराची पाटी नव्हती, मागं बायकोला बसवायला जागा नव्हती. मडगार्ड चाकापासून हातभर वर, टायरला बोटभर उंचीचे दात, आणि आवाज असा की गल्लीतल्या कोंबड्या आधी पळत आणि कुठं पळायचं ते मग ठरवत. मातीत, दगडधोंड्यात, ओघळीत पळवायसाठीच केलेलं ते यंत्र होतं. किल्लीचं वजन नको, दिव्याचं ओझं नको. येईल त्यानं किक मारावी आणि जावं, इतका मोकळा कारभार.

ती त्यानं नांदेडच्या रामकिशनकडून आणली होती. रामकिशन रेल्वेत होता, बदली होऊन लांब चालला होता, आणि तिकडं ही फटफटी न्यायला बायको तयार नव्हती. घरची जुनी मोपेड आणि वर काहीबाही देऊन सौदा झाला. अर्धापूरहून केळी भरून आलेल्या एका ट्रकमध्ये, केळीच्या पाल्याखाली झाकून, ती गावाजवळच्या जळकोटपर्यंत आली. ट्रकमध्ये चढवताना रामकिशनला राहवलं नाही. ही दोनदा चोरीला गेली होती, दोन्ही वेळा पेट्रोल संपलं म्हणूनच सापडली, असं त्यानं सौदा झाल्यावर सांगितलं. पोलिसांत जायचीही सोय नाही, कारण नंबरच नसेल तर तक्रारीत लिहिणार काय. वरून त्यानं शिवमूर्तीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "जपा. हिच्यावर लई जणांचा डोळा ऱ्हातो."

माणसाला एवढं सांगून वाटेला लावलं, की मग तो झोपणार कसा?

एरवी शिवमूर्ती हा काही घाबरट गडी नव्हे. वडील गेल्यापासून गावातलं किराणा दुकान तोच सांभाळत होता. सकाळी कपाळाला विभूती लावून गल्ल्यावर बसला की गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा, तूर मापताना हात सैल सोडायचा नाही, आणि घरी आईच्या, म्हणजे गुरम्माच्या, शब्दाबाहेर जायचा नाही. पण आतून तो फार चुळबुळ्या होता. आयुष्यात आपण कशातच पहिले आलो नाही, ही गोष्ट त्याला खुपायची. शाळेत नाही, खेळात नाही. लग्नसुद्धा चुलतभावाच्या मांडवात, त्याच्यानंतर लागलेलं.

आणि नेमका तो काळ पहिलेपणाचा होता. लातूर जिल्हा होऊन फार वर्षं लोटली नव्हती. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचं उस्मानाबाद खरवडून लातूर लिहिलेलं होतं, तरी उन्हात जुनी अक्षरं खालून दिसायचीच. जो तो कशाचा तरी पहिला होत होता. जिल्ह्यातला पहिला हा, जिल्ह्यातला पहिला तो. त्यातच दुष्काळ पडला. लातूरजवळचं एक तळं पार तळापर्यंत आटलं, भेगाळलं, आणि शहरातल्या चार गॅरेजवाल्यांच्या डोक्यात आलं की एवढं मैदान फुकट मिळालंय, तर सव्वीस जानेवारीला त्यात फटफट्यांची शर्यत घ्यावी. नव्या जिल्ह्यातली पहिली शर्यत. हे ऐकल्यापासून शिवमूर्तीला त्या आटलेल्या तळ्यात स्वतःशिवाय दुसरं कुणी दिसेना.

तोवर फटफटी राखायची, एवढंच काम उरलं होतं, आणि त्यानंच त्याच्या नाकी नऊ आणले. पहिल्यांदा त्यानं तिला विकलेल्या बैलांची साखळी बांधली. मग वाटलं, साखळी काय, कानशीनं कापता येते. म्हणून तो प्लग काढून कमरेच्या पिशवीत ठेवू लागला. मग वाटलं, चोराकडं दुसरा प्लग असला तर? तेव्हा पुढचं चाक काढून त्यानं पलंगाखाली सरकवलं. त्याची बायको नीलम्मा हसरी बाई. चाकाला पांघरूण घालू का, असं तिनं विचारलं. शिवमूर्ती हसला नाही. जेवताना त्याचा एक कान परसाकडं असायचा. दुकानात कुणी "काय शेठ, फटफटी काय म्हणती?" असं विचारलं, की हा माणूस का विचारतोय, या विचारात तो साखरेऐवजी मीठ बांधून द्यायचा. पोस्टमन दारात जास्त वेळ उभा राहिला तर तो शिवमूर्तीच्या मनातल्या चोरांच्या यादीत चढे. बांगड्यावाली आली, यादीत. देवळाचा गुरवसुद्धा दोन दिवस यादीत होता.

गुरम्माला यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. तिच्या डोक्याला दुसराच घोर होता. बैल गेले होते, गाय गेली होती, दावणीला एकटी चंद्री म्हैस उरली होती. विहीर कोरडी होती. पाणी टँकरचं. परसात गोठ्याशेजारी कडब्याची एक लहानशी गंजी होती, तेवढ्यावर म्हशीला पाडव्यापर्यंत काढायचं असा तिचा हिशेब होता. रोज आपल्या हातानं ती पेंडी सोडायची, कोयत्यानं बारीक करायची, मिठाचं पाणी शिंपडून म्हशीपुढं टाकायची, आणि सांडलेलं चिपाड न चिपाड वेचून घ्यायची. त्या हिवाळ्यात गावोगाव कडब्याच्या चोऱ्या होत होत्या. म्हणून तिनं गंजीभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं होतं आणि काळ्या कुत्र्याला तिथं बांधलं होतं. शिवमूर्तीच्या ध्यानात यातलं एवढंच राहिलं होतं, की काळ्या आजकाल गंजीशेजारच्या फटफटीखाली झोपतो आणि हे चांगलं आहे.

असं करता करता येळवस आली.

आता येळवस म्हणजे काय हे लातूरकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्या अमावास्येला गाव गावात राहत नाही, शेतात जातं. लातूरची पेठसुद्धा ओस पडते, मग खेड्याची काय कथा. शेतात कडब्याच्या पेंड्यांची कोप उभारायची, आत चुना लावलेल्या पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची, आणि मग भज्जी, उंडे, खीर, आंबील असं पोट तट्ट फुगेपर्यंत जेवायचं. आणि एकटं नाही जेवायचं. बांधावरून जो जाईल त्याला हाक मारायची, ओळखीचा असो नसो. त्या दिवशी कुणी उपाशी गेला तर शेताला लागतं, असं गुरम्मा म्हणायची. दुष्काळ होता म्हणून भज्जीत भाज्या कमी आणि बेसन जास्त असणार होतं, कोप गुडघ्याएवढीच होणार होती, पण येळवस चुकणार नव्हती.

शिवमूर्तीला मात्र घाम फुटला. सगळं गाव रिकामं. दारं ओढलेली, गल्लीत चिटपाखरू नाही. त्यानं आईला सांगून पाहिलं की मी घरी थांबतो, अंग कणकणतंय. गुरम्मानं त्याच्या कपाळाला हात लावला आणि उपरणं त्याच्या अंगावर टाकलं. घरातला कर्ता पुरुष येळवशीला घरात बसला असं त्या घरात कधी झालं नव्हतं.

मग त्यानं डोकं चालवलं, आणि इथंच सगळं बिघडलं.

आदल्या दिवशी, म्हशीची सांजेची वैरण घालून झाल्यावर, गुरम्मा आणि नीलम्मा आत भज्जीच्या तयारीत असताना तो परसात गेला. पुढचं चाक बसवलं, कारण चाकाविना फटफटी ढकलता येत नव्हती. गंजीच्या मधल्या पेंड्या काढून आत कपाट केल्यागत जागा केली, फटफटी त्यात घातली, आणि वरून पेंड्या रचल्या. दोन पावलं मागं सरून बघितलं. ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. पण फटफटी आत जावी म्हणून काट्याचं कुंपण एका बाजूनं काढावं लागलं होतं, आणि आता अर्धं कुंपण उगाच डोळ्यात भरत होतं. त्याला वाटलं, काटे दिसले की चोराला कळणार, इथं काहीतरी जपलंय. त्यानं उरलेले काटेही ओढून भिंतीपलीकडं फेकले. आता ती गंजी अशी दिसत होती, की तिची कुणालाच कदर नसावी.

काळ्याचं काय करायचं? ते मुकं जनावर गंजीकडं तोंड करून बसलं आणि कुईकुई करू लागलं. हा तर चोराला बोटानं दाखवून द्यायचा. तेव्हा काळ्याला शेतात न्यायचं ठरलं. राहिला सटवाजीमामा. शेजारचा हा म्हातारा गुडघ्यानं अधू, शेतात जाऊ शकत नाही, म्हणून येळवशीला परसात बसून राखण करायला गुरम्मानं त्याला सांगितलं होतं. त्याचं ताट शेतातून येणार होतं. पण सटवाजीमामा म्हणजे गावाचा भोंगा. बसायला एखादी पेंडी ओढली आणि आतलं चाक दिसलं, तर दिवस मावळेपर्यंत जळकोटला बातमी. शिवमूर्ती त्याच्या घरी गेला आणि म्हणाला, मामा, तुम्ही पण चला, शेजाऱ्याच्या बैलगाडीत घालून नेतो. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. किती वर्षांत त्यानं शेतात बसून आंबील प्यायली नव्हती. शिवमूर्तीच्या डोक्यावर हात ठेवून त्यानं लांबलचक आशीर्वाद दिला, आणि आपण एवढं पुण्य कधी केलं ते शिवमूर्तीला समजेना.

परसात मग कोण बसणार, असं गुरम्मानं बैलगाडीत चढताना विचारलं. मी सगळी तजवीज केलीय, असं तो म्हणाला. लेक पहिल्यांदाच घरच्या राखणीचं मनावर घेतोय, एवढ्यानंच तिला बरं वाटलं आणि ती गाडीत चढली.

शेतात पूजा झाली. पिकावर आंबील शिंपडली, पीक होतं तेवढ्यावर. रान कसं, तर वीतभर ज्वारी, मधे मधे टक्कल पडलेलं. तरी माणसं जमली, पंगत बसली, सटवाजीमामा आंबिलीवर आंबील रिचवत जुन्या येळवशींच्या गोष्टी सांगू लागला. शिवमूर्ती तेवढा जागेवर नव्हता. दर थोड्या वेळानं तो बांधावर जाई आणि गावाच्या दिशेनं कान देई. फटफटीचा आवाज आला तर इथवर येणारच होता. एकदा आला असं वाटून तो खीर टाकून उठला, तर ती कुणाच्या तरी शेतातली पाखरं हाकायची फडफडणारी भिंगरी होती.

दुपार कलंडली तेव्हा गाडीवाटेनं एक बैलगाडी आली. दोन माणसं, एक उतारवयाचा, एक जवान. धूळ खाल्लेली, अनोळखी. गुरम्मानं रीतीप्रमाणं हाक मारली, या, जेवून जावा. ते उतरले. हातपाय धुवायला तिनं तांब्याभर पाणी दिलं आणि पानं वाढली.

शिवमूर्ती त्यांच्या समोरच मांडी ठोकून बसला. त्याची यादी आता एकदम दोन नावांनी वाढली होती. येळवशीच्या दिवशी, सगळी गावं रिकामी असताना, हे दोघे रस्त्यानं का फिरतायत? तो त्यांचे हात बघत होता. जवान पोराच्या बोटांना ग्रीस आहे का? नव्हतं. ते दोघे खाली मान घालून भराभरा जेवत होते. उतारवयाच्या माणसानं दोन उंडे गुपचूप पंच्यात बांधले, घरी बायको आहे म्हणाला. नीलम्मानं अजून चार घातले. कुठं निघालात म्हणून सटवाजीमामानं विचारलं, तर ते म्हणाले की जनावरांच्या छावणीत जागा मिळते का बघून आलो, मिळाली न्हाई. हे सगळं शिवमूर्तीच्या कानावरून गेलं. गुरम्मा मधेच उठून त्यांच्या बैलांकडं गेली, बांधावरचं ओंजळभर हिरवं उपटून त्यांच्यापुढं टाकलं आणि थोडा वेळ त्यांच्याजवळच उभी राहिली. शिवमूर्तीला ते दिसलंसुद्धा नाही.

आणि तेवढ्यात त्या जवान पोराचं लक्ष शिवमूर्तीच्या बाहीवरच्या तेलाच्या डागाकडं गेलं. सहज, काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, की तुमच्याकडं फटफटी हाय वाटतं?

शिवमूर्ती मोठ्यानं हसला. असं हसला की नीलम्मानं वळून बघितलं.

"फटफटी कुठली बाबा? डाग व्हय, दुकानातल्या तेलाचा हाय. आमच्या घरी नेण्यासारखं काय बी न्हाई. मारुतीच्या देवळामागंच घर हाय, परसाचं फाटक बी उघडंच हाय. बघा जाऊन. थोडा कडबा पडलाय, बास. त्याला कोण राखत बसतंय?"

उतारवयाच्या माणसानं हातातला घास खाली ठेवला. त्यानं शिवमूर्तीकडं बघितलं, मग जवान पोराकडं, आणि आंबिलीचा पेला एका दमात संपवला. दोघे उठून गुरम्माच्या पाया पडले, म्हणजे अगदी वाकून, डोकं टेकवून पडले, आणि बैलगाडी जोडून निघून गेले. शिवमूर्तीनं सुटकेचा श्वास टाकला. फटफटीचा विषय किती सफाईनं उडवला, याचं त्याला एवढं कौतुक वाटलं, की त्या दिवसात पहिल्यांदाच तो पोटभर जेवला आणि कोपीच्या सावलीत डुलकीसुद्धा काढली.

दिवस बुडायच्या सुमाराला सगळे घरी परतले. शिवमूर्ती बैलगाडी थांबायच्या आधीच उडी मारून परसात पळाला.

परस केवढं मोठं दिसत होतं. गंजी नव्हती. जिथं ती होती तिथं जमिनीवर एक फिका चौकोन होता आणि चार-दोन चिपाडं. फटफटी गोठ्याच्या भिंतीला नीट टेकवून उभी होती. पडू नये म्हणून चाकाखाली कुणीतरी दगडही सारला होता. त्यांना पेंड्या काढताना ती मधे आली असणार, आणि अडचण म्हणून त्यांनी ती उचलून बाजूला ठेवली होती.

शिवमूर्तीनं तिला हात लावून पाहिला. आरसा नव्हता म्हणून, नाहीतर त्यानं स्वतःचं तोंड बघितलं असतं. इतके दिवस तो ज्या चोराची वाट बघत होता तो आला होता, फटफटी त्याच्या दोन्ही हातांत आली होती, आणि त्यानं ती ठेवून दिली होती. नेली असती तर बरं झालं असतं, असं शिवमूर्तीला मनापासून वाटलं. फटफटी गेली असती आणि कडबा राहिला असता, तर आपण आईसमोर रडलो तरी असतो. आता रडायचं कशासाठी आणि कुणापुढं?

गुरम्मा मागून आली. तिच्या डोक्यावर आंबिलीची रिकामी बिंदगी होती. ती तिनं खाली ठेवली. फाटकाच्या मातीत चाकांच्या खुणा होत्या, ताज्या शेणाचे दोन पो होते. तिनं ते बघितलं, भिंतीपलीकडं पडलेले काटे बघितले, मग भिंतीला टेकलेली फटफटी बघितली, आणि काय झालं ते तिला न सांगताच कळलं. सटवाजीमामा फाटकात काठी टेकून उभा होता. आपण आलो नसतो तर, हे त्याच्या तोंडावर असं दिसत होतं, की शिवमूर्तीला त्याच्याकडं बघवेना.

"अव्वा, त्येच दोघं," शिवमूर्ती म्हणाला. "आपल्याच पानावर जेवून गेले. मी आत्ता जातो, बैलगाडी किती लांब जाईल? फटफटीवर गाठतो."

"आन् गाठून?"

"आपला कडबा हाय."

"त्यांच्या बैलांच्या बरगड्या म्या मोजल्या रे दुपारी," गुरम्मा म्हणाली. "तू कुठं बघत होतास?"

तो फटफटीपाशी उभा राहिला, पण किक मारायला त्याचा पाय उचलेना.

गोठ्यात अंधारत होतं. नीलम्मा कंदील घेऊन आली तेव्हा दिसलं, की चंद्रीपुढं गव्हाणीत कडब्याची एक पेंडी होती. नुसती टाकलेली नाही. बंध सोडून, पसरून, म्हशीच्या तोंडाला येईल अशी ठेवलेली. चंद्री डोळे अर्धे मिटून निवांत खात होती. सकाळी निघताना घरातल्या कुणीच गव्हाणीत काही टाकलं नव्हतं. ते काम शिवमूर्तीवर सोपवलं होतं, आणि तो काळ्याला बांधून बैलगाडीत चढवण्याच्या गडबडीत होता.

गुरम्मानं वाकून त्या पेंडीला हात लावला. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर शिवमूर्तीला सोसलं असतं.

"चोर व्हते ते," ती म्हणाली, "पर म्हशीचा इचार त्यांनी तरी केला."

ती आत निघून गेली. नीलम्मानं कंदील खुंटीला अडकवला आणि तीही गेली. शिवमूर्ती गव्हाणीच्या कडेला खाली बसला. उद्या छावणीच्या दारात म्हैस घेऊन उभं राहायचं होतं, आणि तिथं जागा नाही हे आज दुपारी त्याच्या समोर बसूनच कुणीतरी सांगितलं होतं. चंद्री एक एक धाट ओढून चावत होती. पेंडी संपली तशी तिनं गव्हाणीचा तळ जिभेनं दोनदा चाटला, मान वर केली आणि त्याच्याकडं बघितलं.